रेड रॉक्सहून रात्री परतण्यासाठी शटल बस: सात फेऱ्यांनंतरचे मत

गेल्या तीन उन्हाळ्यांत मी कोलोरॅडोमधील रेड रॉक्स या खुल्या रंगमंचावर सात कार्यक्रम ऐकले आणि तेथून तीन निरनिराळ्या मार्गांनी घरी परतले: एकदा अ‍ॅपवरून बोलावलेल्या टॅक्सीने, दोनदा स्वतःच्या गाडीने आणि चार वेळा डेन्व्हरच्या मध्यवर्ती भागातून सुटणाऱ्या शटल बसने. हे परीक्षण मुख्यतः त्या बससेवेचे आहे. मात्र ती मला का पटली हे सांगायचे तर त्या जागेविषयी आणि इतर दोन मार्गांविषयीही लिहिणे भाग आहे. रेड रॉक्सला पोहोचताना सहसा कोणाला अडचण येत नाही. अडचण येते ती रात्री साडेअकराच्या सुमारास, शेवटचे गाणे संपून दिवे लागतात आणि हजारो माणसे एकदम उठून डोंगर उतरू लागतात तेव्हा.

डेन्व्हरच्या पश्चिमेला साधारण २४ किलोमीटरवर, मॉरिसन या अगदी लहानशा गावाजवळ, उत्तरेला क्रिएशन रॉक आणि दक्षिणेला शिप रॉक अशा दोन प्रचंड तांबड्या खडकांच्या मधल्या उतारावर हा रंगमंच वसलेला आहे. हा वालुकाश्म सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा असून त्यातील लोहामुळे त्याला तो तांबडा रंग आला आहे. वास्तुकार बर्नहॅम हॉइट यांच्या आराखड्याप्रमाणे, मंदीच्या काळात सरकारी योजनेतून कामाला लावलेल्या तरुणांनी तो उभारला आणि १९४१ मध्ये तो खुला झाला. बाकांच्या ७० रांगा, साडेनऊ हजारांच्या आसपास प्रेक्षक, समोर रंगमंच आणि त्याच्या पलीकडे रात्रभर लुकलुकणारे डेन्व्हरचे दिवे, हे दृश्य एकदा पाहिलेला माणूस पुन्हा तिकीट काढल्याशिवाय राहत नाही. समुद्रसपाटीपासून ही जागा १,९६६ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून सुमारे ३२० मीटर अधिक. महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्या पाहुण्याला तेथे पायऱ्या चढताना धाप लागते ती वयामुळेच असते असे नाही.

या सौंदर्याची दुसरी बाजू वाहतुकीची आहे. डेन्व्हर शहराने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून डोंगरातील उद्याने ताब्यात घेण्यास सुरुवात केली ती सुटीच्या दिवशी मोटारीने फिरायला जाणाऱ्या शहरवासीयांसाठी. रेड रॉक्स त्याच उद्यानांपैकी एक आहे आणि आजही तेथे मोटारीवाचून जाण्याची सोय जवळजवळ नाही. शहराची सार्वजनिक बससेवा रंगमंचापर्यंत येत नाही. पश्चिमेकडे जाणारी डब्ल्यू ही रेल्वेमार्गिका गोल्डनजवळच्या जेफरसन काउंटीच्या सरकारी इमारतीपाशी संपते आणि तेथूनही रेड रॉक्स कित्येक किलोमीटर दूर राहते. मधला रस्ता अंधारा, वळणाचा आणि बहुतेक ठिकाणी पदपथ नसलेला आहे. त्यामुळे पायी निघण्याचा विचार कोणी करू नये. थोडक्यात, परतीचे वाहन आधी ठरवलेले नसेल तर मध्यरात्री आपण डोंगरावर अडकून पडतो.

मी पहिल्या वर्षी नेमकी तशीच अडकले होते. आम्ही तिघी मैत्रिणी संध्याकाळी घरापासून अ‍ॅपच्या टॅक्सीने निघालो. ३८ डॉलरमध्ये, ऊन असताना, हसतखेळत रंगमंचाच्या पायथ्याशी पोहोचलो, आणि येताना जी गाडी चार मिनिटांत मिळाली ती जातानाही मिळेल असे गृहीत धरले. कार्यक्रम संपल्यावर मोबाइल उघडला तर अ‍ॅपचे पान अर्ध्यावरच थांबत होते, कारण आमच्याबरोबर हजारो लोक त्याच क्षणी, त्याच दरीत, तेच करत होते. वीस मिनिटांनी अ‍ॅप चालू लागले तेव्हा भाडे १४० डॉलर दिसत होते. ते मान्य करून विनंती पाठवली, एक चालक मिळाला, त्याची गाडी नकाशावर महामार्गापर्यंत आली आणि तेथे बराच वेळ थांबून नाहीशी झाली. दुसऱ्या चालकाने आम्ही कोठे उभे आहोत असे विचारले. आम्ही सांगितले त्या ठिकाणी पोलिसांनी रस्ता एकतर्फी केला होता आणि त्याला वर येताच येत नव्हते. टॅक्सीत बसण्याची नेमलेली जागा खालच्या वाहनतळावर होती, आम्ही वरच्या बाजूला होतो, आणि मधला उतार अंधारात उतरायला पंचवीस मिनिटे लागली. अखेर गाडीत बसलो तेव्हा एक वाजत आला होता, एका मैत्रिणीचे दात थंडीने वाजत होते, आणि आम्ही तिघींनी ती संध्याकाळ कशी होती यापेक्षा ती रात्र कशी गेली हेच नंतर कित्येक दिवस लोकांना सांगितले.

या प्रसंगात कोणा एका चालकाचा दोष नव्हता, हे मला नंतर कळले. बोलावल्यावर येणाऱ्या गाडीला रिकामीच डोंगर चढून यावे लागते, तेही खाली उतरणाऱ्या हजारो गाड्यांच्या विरुद्ध दिशेने. तेवढ्या वेळात शहरात तिच्या दोन-तीन फेऱ्या सहज होतात. म्हणून दर वाढवूनही पुरेसे चालक वर येत नाहीत, आणि जे येतात त्यांना आपण सापडत नाही. कार्यक्रम लवकर सोडून बाहेर पडलेल्यांना टॅक्सी पटकन मिळते असे मी ऐकले आहे आणि ते खरेही असेल. पण शेवटची दोन गाणी सोडून देणे हा मला तोडगा वाटत नाही.

स्वतःच्या गाडीविषयी थोडक्यात लिहिते. वाहनतळाचे वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, आपल्या वेळेने जाता येते, आणि घरात लहान मुले असतील तर सामानाचा प्रश्न सुटतो. पण उशिरा पोहोचल्यास गाडी दक्षिणेकडील खालच्या वाहनतळावर लावावी लागते, तेथून रंगमंचापर्यंत चांगलाच चढ आहे, आणि परतताना वाहनतळातून मुख्य रस्त्याला लागायला आम्हाला एकदा चाळीस, तर एकदा पन्नास मिनिटे लागली. शिवाय ज्याला गाडी चालवायची आहे त्याने संध्याकाळभर मद्याला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवून घ्यावे. कोलोरॅडोत रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण ०.०८ टक्के झाल्यावरच नव्हे, तर ०.०५ टक्क्यांपासूनच चालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. नव्याने येथे आलेल्या अनेक मराठी मित्रांना ही दुसरी मर्यादा ठाऊक नसते.

आता बसविषयी. डेन्व्हरहून रेड रॉक्सला जाणाऱ्या शटल बस चालवणाऱ्या एकाहून अधिक संस्था आहेत. मी चारही वेळा ज्या एका सेवेने गेले तिचे नाव येथे देत नाही, कारण गाड्या, चालक आणि थांबे हंगामागणिक बदलतात आणि मला जे सांगायचे आहे ते अशा सेवांपैकी कोणतीही निवडताना उपयोगी पडावे असे आहे. पद्धत साधी आहे. कार्यक्रमाची तारीख निवडून जाण्या-येण्याचे एकत्रित भाडे आधीच भरायचे. आम्ही माणशी ४० डॉलर भरले. ठरलेल्या वेळी युनियन स्टेशनच्या परिसरातील थांब्यावर यादीतील आपले नाव सांगायचे आणि बसायचे. बस दारे उघडण्याच्या सुमारास वर पोहोचते, कार्यक्रम होईपर्यंत तेथेच थांबते, आणि संपल्यावर अर्ध्या तासाने सुटते.

या वर्णनातील सर्वांत महत्त्वाचे शब्द ‘तेथेच थांबते’ हे आहेत. टॅक्सीला वर यावे लागते, तर बस आधीपासूनच वर असते. ती कोठे उभी आहे हे आपण उजेडात पाहिलेले असते, चालकाचा चेहरा ओळखीचा झालेला असतो, आणि परतीसाठी ना मोबाइलच्या संपर्काची गरज पडते ना वाढीव भाड्याची भीती. भाडे दुपारी भरून झालेले असते, त्यात मध्यरात्री एका डॉलरचीही भर पडत नाही. तिघींनी मिळून टॅक्सीला जाण्या-येण्याचे जेवढे दिले तेवढ्यात बसने चार माणसे आरामात जाऊन येतात, ही गोष्ट मी हिशेब करून पाहिली तेव्हा मला आधीच्या वर्षीच्या अज्ञानाचे फार वाईट वाटले.

बसचा खरा कस लागला तो गेल्या ऑगस्टमध्ये, आई-बाबा पुण्याहून आले होते तेव्हा. बाबा पंचाहत्तरीच्या जवळ आहेत, आईचा एक गुडघा दुखतो, आणि दोघांनाही संगीताचे वेड आहे. त्यांना टॅक्सीच्या भरवशावर तेथे नेणे मला शक्यच नव्हते, आणि रात्री डोंगरातून गाडी चालवण्याची जबाबदारी त्यांच्यासमोर घ्यायची मला हिंमत नव्हती. म्हणून तिकिटे काढण्याआधी मी बसची आसने राखून ठेवली. चालक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी निघण्यापूर्वी सर्वांना तीन गोष्टी सांगितल्या: बस कोणत्या वाहनतळावर, कोणत्या रांगेत उभी राहील, ती नेमकी किती वाजता सुटेल, आणि उशीर होत असल्यास संदेश कोणत्या क्रमांकावर पाठवायचा. वर पोहोचल्यावर त्यांनी बसच्या काचेवर लावलेला मोठा क्रमांक दाखवला आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवा असे सांगितले. रात्री त्या छायाचित्राचा फार उपयोग झाला, कारण अंधारात एकसारख्या दिसणाऱ्या अनेक बस तेथे ओळीने उभ्या होत्या.

आणखी एक सोय मला आधी लक्षात आली नव्हती. जाड कपडे, पांघरुणे आणि आईची औषधांची जास्तीची पिशवी बसमध्येच ठेवता आली. रेड रॉक्सचे कार्यक्रम पाऊस आला तरी होतात. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस तेथे नेहमीचाच, आणि सूर्य डोंगराआड गेला की हवा झपाट्याने गार होते. ओले झाल्यावर कोरडा स्वेटर घालायला मिळणे ही त्या रात्री चैन नव्हती, गरज होती.

कार्यक्रम संपला तेव्हा साडेअकरा वाजले होते. आई म्हणाली, “अगं, आपण जरा बसून राहू, गर्दी ओसरू दे.” मी तिला बस बारा वाजता सुटणार असल्याचे सांगितले. तेव्हा बाबांनी सवाई गंधर्व महोत्सवाची आठवण काढली. महोत्सव रात्रभर चालायचा त्या दिवसांत परतण्याची चिंताच नसायची, असे ते म्हणाले. भैरवी होईपर्यंत उजाडलेले असायचे, बाहेर चहा घ्यायचा आणि पहिली पीएमटी धरून घरी जायचे. पुढे रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आले, मैफली लवकर संपू लागल्या, आणि घरी कसे जायचे हा प्रश्न कार्यक्रमाला चिकटला. मला हा विचार फार नेमका वाटला. मैफल पहाटे संपते तेव्हा शहर आपल्याला घ्यायला जागे झालेले असते. ती मध्यरात्री संपली, तर मात्र आपल्यासाठी कोणीतरी मुद्दाम जागे राहावे लागते. त्या रात्री चालक बाई जाग्या राहिल्या होत्या.

आम्ही सावकाश, कठड्याला धरून, दोन ठिकाणी थांबत उतरलो आणि बसपाशी पोहोचलो तेव्हा बारा वाजायला सात मिनिटे होती. चालक यादी हातात घेऊन दाराशी उभ्या होत्या. दोन तरुण आले नव्हते. त्यांनी फोन करून पाहिला, दहा मिनिटे वाट पाहिली, आणि मग बाकीच्यांना सांगून बस सोडली. हे कठोर वाटू शकते, पण चाळीस माणसांना किती वेळ ताटकळत ठेवायचे याला मर्यादा हवी आणि ती आधी सांगितलेली होती. बस वाहनतळातून बाहेर पडायला मात्र पंचवीस मिनिटे लागली. त्या रांगेतून बसचीही सुटका नाही, फक्त त्या वेळात आपण झोपू शकतो. आई खरोखरच झोपली. एकला पाच मिनिटे असताना आम्ही युनियन स्टेशनजवळ उतरलो.

उणिवा सांगितल्या नाहीत तर हे परीक्षण अपुरे राहील. पहिली उणीव म्हणजे बस आपल्याला शहराच्या मध्यभागी सोडते, घरी नाही. आम्ही शहराच्या दक्षिणेकडील उपनगरात राहतो, म्हणून आमची गाडी थांब्याजवळच्या बहुमजली वाहनतळात ठेवली होती आणि त्याचे वेगळे १५ डॉलर पडले. रात्रीच्या रेल्वेवर अवलंबून राहायचे असेल तर शेवटच्या गाडीची वेळ त्या दिवसाची पाहून ठेवावी आणि ती चुकेल असे धरून दुसरी सोय करावी. मात्र शहरात पोहोचल्यावर टॅक्सी मिळणे सोपे असते आणि भाडेही रोजचेच असते, त्यामुळे हा शेवटचा टप्पा त्रासाचा असला तरी भीतीचा नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. आमच्या चार फेऱ्यांपैकी एका फेरीला मोठ्या बसऐवजी जुनी, शाळेच्या बससारखी उंच पायऱ्यांची गाडी पाठवली होती. आसने अरुंद होती, पुढच्या बाकाला गुडघे टेकत होते, आणि पहिली पायरी जमिनीपासून इतकी उंच होती की आईला दोघांनी आधार देऊन चढवावे लागले असते. सुदैवाने त्या वेळी आई बरोबर नव्हती. आसने राखताना गाडीचा प्रकार कोठेही लिहिलेला नव्हता. ज्येष्ठांना नेणार असाल तर आधी संदेश पाठवून गाडी कोणती असेल आणि थांब्यापासून रंगमंचाच्या प्रवेशद्वारापर्यंत किती चालावे लागेल, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीसाठी रंगमंचापाशी वेगळी वाहनतळाची सोय आहे. त्यांच्या बाबतीत बसपेक्षा स्वतःची गाडी किंवा त्यासाठीच ठरवलेले वाहन मला अधिक योग्य वाटते.

तिसरी गोष्ट उणीव म्हणावी की स्वभाव, हे ज्याने त्याने ठरवावे. जाताना बसमध्ये उत्साह असतो, मोठ्याने गाणी लागतात, काही प्रवासी बाटल्या उघडतात. सिम्फनीच्या वाद्यवृंदाच्या रात्री बस शांत होती, इलेक्ट्रॉनिक संगीताच्या रात्री नव्हती. ज्यांना गोंगाट सोसत नाही त्यांनी पुढच्या दोन रांगांत बसावे. आसनांना क्रमांक नसतात, म्हणून पंधरा मिनिटे आधी थांब्यावर पोहोचणे पुरते. बसमध्ये स्वच्छतागृह नसते, तेव्हा परतीच्या रांगेत अर्धा तास जाईल हे ध्यानात घेऊन रंगमंचावरूनच जाऊन यावे. बाबांना हे मी सांगायला विसरले होते आणि त्यांनी ते विनातक्रार सोसले, याची मला अजून खंत वाटते.

भारतातून कामासाठी किंवा मुलांकडे काही आठवड्यांसाठी आलेल्यांकरिता एक सूचना. विमानतळापासून युनियन स्टेशनपर्यंत ए ही रेल्वेमार्गिका थेट येते आणि बसचे थांबे त्याच परिसरात असतात, त्यामुळे येथे गाडी चालवण्याचा परवाना नसला तरी रेड रॉक्सची एक संध्याकाळ कोणालाही अनुभवता येते. मात्र विमानाच्या दिवशीच कार्यक्रमाला जाऊ नये. उंचीची सवय व्हायला एक-दोन दिवस द्यावेत आणि भरपूर पाणी प्यावे. आधी बस राखून मगच कार्यक्रमाचे तिकीट काढण्याचा क्रमही मी सर्वांना सुचवते. गाजलेल्या कलाकारांच्या रात्री बसची आसने आधी संपतात, आणि मग हातात तिकीट असूनही टॅक्सीच्या भरवशावर जायची वेळ येते.

पाचपैकी गुण द्यायचे तर वेळ पाळणे आणि चालकांची आस्था यांसाठी मी या सेवेला पाच देईन, गाडीच्या दर्जाविषयीच्या अनिश्चिततेसाठी तीन. येत्या सप्टेंबरच्या एका कार्यक्रमासाठी मी पुन्हा तीन आसने राखली आहेत, कारण आई-बाबा परत येत आहेत. राखताना मी त्या संस्थेला एक विनंतीही लिहून पाठवली: गाडी कोणतीही पाठवा, पण पहिल्या पायरीखाली ठेवायला एक लहानसे भक्कम स्टूल चालकाजवळ असू द्या. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले की ते ठेवण्यात येईल.